धाव, हवा आणि चाक



‘हवेविना टायर’ हे शब्द कानावर पडले की काहीतरी अगदी नवे, परदेशातल्या प्रयोगशाळेतून कालपरवा बाहेर पडलेले, असे वाटते. वस्तुतः आपल्या जिल्ह्याने आयुष्याचा फार मोठा भाग हवेविना चाकावरच काढलेला आहे. अकोल्याचा तांदूळ, पारनेरची बाजरी, पाथर्डीच्या यात्रेला निघालेली बिऱ्हाडे ही सारी ज्या चाकावरून गेली, त्या चाकात हवा कोठेच नव्हती. हवा चाकात आली ती अगदी अलीकडे, आणि येऊन नीट स्थिरावते न स्थिरावते तोच तिला पुन्हा बाहेर काढण्याचा उद्योग सुरू झाला. असे का झाले, हा आजचा विषय आहे.

विषयाला हात घालण्यापूर्वी एक प्रश्न मनाशी धरून ठेवू या. चाक दगडावर आदळले की धक्का बसतो. तो नाहीसा होत नाही. कोणीतरी तो सोसावा लागतो. रस्ता सोसेल, गाडी सोसेल, गाडीत बसलेला माणूस सोसेल किंवा गाडी ओढणारे जनावर सोसेल. टायरचा सगळा इतिहास म्हणजे हे सोसणे कोणाच्या गळ्यात घालायचे याचा इतिहास आहे. हवेने हे काम पत्करले म्हणून ती लोकप्रिय झाली. आता तिला रजा द्यायची तर तिचे काम करणार कोण?

आरंभ आपल्या घरच्या चाकापासून करू. मध्ये तुंबा, त्यात बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर वाकदार लाकडी पाटे आणि पाट्यांवर चढवलेली लोखंडी धाव. ‘टायर’ या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ तरी काय? चाकाला बाहेरून आवळणारी धाव. रबराचा त्या शब्दाशी मूळचा काही संबंध नाही. आगगाडीच्या चाकावरील पोलादी कड्यालाही टायरच म्हणत. १८७८ साली दौंड-मनमाड लोहमार्ग आपल्या नगरावरून सुरू झाला, तेव्हा त्या गाड्याही हवेविना टायरांवरच धावत होत्या.

धाव चढविणे हे लोहाराचे मोठे शास्त्र होते. कडे चाकाच्या घेरापेक्षा किंचित लहान करायचे, गोवऱ्यांच्या गोल आगटीत ते लाल होईपर्यंत तापवायचे, तापून ते प्रसरण पावले की सांडशांनी उचलून लाकडी चाकावर बसवायचे आणि लगेच पाणी ओतायचे. कडे आकसते, पाट्यांचे सांधे आवळले जातात आणि सगळे चाक एकजीव होते. खिळा नाही, सरस नाही. उष्णतेने वस्तू फुगते व थंडीने आकसते हा शाळेच्या पुस्तकातला नियम आपल्या लोहारांनी पुस्तकावाचून शतकानुशतके राबविला. उन्हाळ्यात लाकूड सुकून धाव सैल पडली, की चाक ओढ्यात भिजत टाकायचे. दुरुस्तीचा सगळा खर्च एवढाच.

आता या चाकाचा दोष पाहा. धाव जेमतेम दोन-तीन बोटे रुंद. गाडीचा सगळा भार दोन चाकांच्या तळाशी असलेल्या त्या चिंचोळ्या पट्टीवर येतो. कठीण रस्त्यावर ती सहज गडगडते, हे कबूल केले पाहिजे. लोखंडी चाक सगळीकडेच जड चालते हा समज खरा नव्हे. परंतु नांगरटीत, चिखलात, काळ्या मातीत ती सुरीसारखी रुतते, आणि मुरुमाच्या वा डांबराच्या रस्त्यावर चर पाडते. धक्क्याचा काही भाग असा रस्ता सोसतो. उरलेला आसातून साटीत, साटीतून जुवात आणि जुवातून बैलाच्या मानेत जातो. बैलाच्या वशिंडापुढील घट्टा ज्याने हाताने चाचपून पाहिला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको.

हा धक्का हवेवर घेता येईल, ही कल्पना प्रथम ज्याच्या डोक्यात आली तो रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाचा स्कॉटिश तरुण. १८४५ साली त्याने पेटंट घेतले, तेव्हा त्याचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. रबराच्या द्रावणात भिजवलेल्या कापडाची पोकळ नळी, तिच्यावर चामड्याचे आवरण आणि आत दाबून भरलेली हवा अशी त्याची ‘हवाई चाके’ होती. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये घोडागाड्यांना ती लावून दाखविली. गाड्या हलक्या चालल्या, आवाज कमी झाला, आणि एका संचाने बाराशे मैलांची मजल मारल्याची नोंद आहे. पण ते चालले नाही. रबर महाग, सायकल अजून जन्मायची, मोटार तर त्याहून दूर. ज्याची गरज नाही त्याची स्तुती होते, खरेदी होत नाही.

याच गृहस्थाची पुढची हकीकत मला अधिक मोलाची वाटते, कारण ती आपल्या साखरेच्या जिल्ह्याला जवळची आहे. १८५२ साली थॉमसन जावा बेटात गेला आणि तेथे साखर तयार करण्याच्या यंत्रांत त्याने सुधारणा केल्या. दहा वर्षांनी तो एडिंबरोला परतला आणि रस्त्यावर चालणाऱ्या वाफेच्या इंजिनाच्या मागे लागला. लोखंडी चाकांची जड इंजिने रस्ता फोडीत आणि स्वतःही खिळखिळी होत. थॉमसनने १८६७ साली त्यांच्या चाकांवर चार-पाच इंच जाडीचे भरीव रबर चढविले. हवेच्या टायरचा जनक तोच, आणि जड वाहनासाठी हवेविना रबरी टायर रस्त्यावर आणणाराही तोच! आपल्या पहिल्या शोधाला त्याने दुसऱ्या शोधात जागा दिली नाही, कारण अनेक टनांचे इंजिन पेलील अशी हवेची नळी त्या काळी बनतच नव्हती. हट्टापेक्षा कामाला मान देणारा हा माणूस होता.

ही भरीव रबराची चाके हिंदुस्थानातही येऊन गेली. क्रॉम्प्टन नावाच्या तरुण लष्करी अधिकाऱ्याने १८७० नंतरच्या काही वर्षांत पंजाबात थॉमसनच्या इंजिनांच्या सरकारी ‘रस्ता-आगगाड्या’ चालविल्या. हाच क्रॉम्प्टन पुढे विलायतेत वीज-यंत्रांचा मोठा कारखानदार झाला, आणि त्याचे नाव अजून आपल्या घरांतील पंख्यांवर वाचावयास मिळते. त्याच्या त्या गाड्या मात्र टिकल्या नाहीत. मालवाहतूक लोहमार्गाने गिळली.

डनलॉपची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते, म्हणून ती थोडक्यात सांगतो. बेलफास्टमधील हा जनावरांचा डॉक्टर. मुलाच्या तीनचाकी सायकलला त्याने रबरी नळी बसविली, १८८८ मध्ये पेटंट घेतले आणि दोनच वर्षांत ते रद्द ठरले, कारण थॉमसनचे त्रेचाळीस वर्षांपूर्वीचे पेटंट कोणीतरी शोधून काढले. पण आता सायकल आली होती, मोटार येऊ घातली होती. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतीत मिशलँ बंधू हवेच्या टायरांची मोटार घेऊन उतरले. वाटेत त्यांच्या नळ्या वारंवार फुटल्या, तरी जगाने जे पाहायचे ते पाहिले. पुढच्या दोन-तीन दशकांत मोटार आणि हवा हे जणू एकच झाले.

हवा नेमके काय करते, याचा एक साधा हिशेब करून पाहू. समजा, मोटारीचे वजन हजार किलो आहे. प्रत्येक चाकावर अडीचशे किलो आले. टायरमध्ये तीस पौंडांची हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण दोन किलोंहून थोडा अधिक दाब. अडीचशेला त्याने भागा. सुमारे एकशेवीस चौरस सेंटिमीटर येतात, म्हणजे आपल्या हाताच्या तळव्याएवढी जागा. टायर तेवढा चपटा होतो आणि तेवढ्या जागेवर मोटार उभी राहते. भार वाढला की टायर आणखी चपटा होऊन जागा वाढवून घेतो. खडा आला तर तो खडा पोटात घेतो. हवेसारखी हलकी, फुकट मिळणारी आणि कधी न थकणारी स्प्रिंग दुसरी नाही. १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली मोटार नगर-पुणे मार्गावर धावली, तीही या स्प्रिंगवरच.

हवेत दोष एकच, पण तो मोठा आहे. ती निसटते. काट्याने निसटते, खिळ्याने निसटते आणि बंदुकीच्या गोळीनेही निसटते.

गोळीचा विषय निघाला की नगरच्या छावणीकडे वळावे लागते. चिलखती गाड्यांचे शिक्षण देणारे लष्करी केंद्र पहिल्या महायुद्धानंतरच्या काळात येथे आले, आणि स्वातंत्र्यानंतर येथेच आर्मर्ड कोअरचे केंद्र व शाळा नांदली. १९९४ साली या केंद्राने रणगाड्यांचे संग्रहालय उघडले. त्यात रणगाड्यांच्या रांगेत एक रोल्स-रॉइस चिलखती मोटारही आहे. रोल्स-रॉइस फार महाग पडते म्हणून १९२० नंतरच्या दशकात सरकारने हिंदुस्थानसाठी क्रॉस्ली कंपनीच्या सांगाड्यावर चिलखती मोटारी बनवून घेतल्या. उन्हाचा ताप आत येऊ नये म्हणून त्यांना आतून ॲस्बेस्टॉसचे अस्तर होते, आणि जमाव अंगावर आला तर बाहेरच्या पत्र्यात विजेचा प्रवाह सोडण्याची सोयही होती. राज्यकर्त्यांना रयतेची किती भीती वाटत होती, हे त्या एका तपशिलावरून समजते. या गाड्यांना हवेचे टायर नव्हते, भरीव रबराचे होते. गोळी लागो की काटा, चाक बसणार नाही हा त्यांचा गुण.

आणि अवगुण? तो आपल्या पहिल्या प्रश्नात आहे. हवा काढली, पण तिचे काम कोणाकडे सोपविले? भरीव रबर दबते थोडेसेच. उरलेला धक्का गाडीच्या सांगाड्याने सोसला. दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर ते सांगाडे झिजून निकामी झाले होते. वरचे चिलखत आणि बुरूज मात्र शाबूत होते! १९३९ च्या सुमारास ते उचलून शेवरोले ट्रकच्या सांगाड्यावर बसविण्यात आले, आणि या वेळी खाली टायर आले ते हवेचे.

भरीव रबराचा दुसरा शत्रू उष्णता. रबराचा गोळा वारंवार दाबला आणि सोडला की तो आतून तापतो. हवेच्या टायरची भिंत पातळ असते, तिची उष्णता बाहेर निघून जाते. जाड रबराच्या गाभ्यातील उष्णतेला वाट सापडत नाही. वेग जितका अधिक तितके दाबणे-सोडणे अधिक, आणि शेवटी रबर आतूनच मऊ पडून त्याचे तुकडे उडतात. म्हणून भरीव टायर संथ वाहनांनाच शोभतो. टांग्याच्या चाकावरची रबरी पट्टी, कारखान्यात माल उचलणाऱ्या फोर्कलिफ्टची बुटकी चाके, रुग्णालयातील ढकलगाड्या येथे तो आजही सुखाने नांदतो आहे.

लष्कराने पुढे मधला मार्ग काढला. टायरमध्ये हवा ठेवायची, पण भिंती इतक्या जाड करायच्या किंवा आत असे एक कणखर कडे बसवायचे की हवा गेली तरी गाडी त्या आधारावर काही मैल पळून धोक्याबाहेर जाईल. दुसऱ्या महायुद्धातील डेमलर कंपनीच्या लहान टेहळणी गाड्यांना असे जवळजवळ भरीव टायर होते. खुद्द रणगाड्याकडेही जरा वाकून पाहावे. आपण म्हणतो, तो पट्ट्यावर चालतो. खरे आहे, पण त्या पट्ट्याच्या आतल्या बाजूवर जी चाकांची रांग फिरते, तिच्यातील बहुतेक चाकांच्या कडेला भरीव रबराची धाव असते. पन्नास टनांचा रणगाडा म्हणजे हवेविना टायरांचीच गाडी, फक्त तिचा रस्ता तिने स्वतःबरोबर वागविलेला असतो!

छावणीतून आता उसाच्या फडात जाऊ. १९५०-५१ च्या गळीत हंगामात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, आणि पाहता पाहता प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात कारखान्यांची रांग लागली. ऊस तोडला की तो लवकर गाळला पाहिजे, नाहीतर वाळून त्याचे वजन आणि साखर दोन्ही घटतात. धावेच्या गाडीने हे ओझे आवरेना. तेव्हा फडात टायरगाडी आली. लोखंडी साटा, बॉलबेअरिंगचा आस आणि हवेचे दोन टायर. ओल्या शेतातून ती रुतल्याशिवाय निघते आणि रस्त्याला चर पाडीत नाही. गाडी हलकी झाली याचे सगळे श्रेय लोक टायरला देतात. मला वाटते, निम्मे श्रेय त्या बेअरिंगचे आहे, पण बेअरिंग दिसत नाही आणि टायर दिसतो.

पण हलक्या झालेल्या गाडीचा लाभ कोणाला मिळाला? बैलाला मिळावा अशी अपेक्षा. प्रत्यक्षात गाडी हलकी चालते असे दिसताच तिच्यावर अधिक ऊस चढला. जेथे टनभर माल जाई तेथे दीड-दोन टन जाऊ लागला. धावेच्या गाडीत धक्का मानेवर येई, टायरगाडीत ओझे मानेवर आले. उतारावर तर ही गाडी बैलांना मागून ढकलते, कारण बहुतेक गाड्यांना ब्रेक नसतो. हवेने धक्का सोसला, लोभाचा भार मात्र तिला सोसता आला नाही.

आणि वर बाभळीचा काटा आहेच. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या कोरड्या तालुक्यांतून कोयता घेऊन निघालेले जोडपे हंगामभर फडावर राहते. त्यांची मजुरी टनावर ठरते. पहाटे भरलेली गाडी वाटेत बसली, तर टायर काढणे, पंक्चर जोडणे, हवा भरणे यांत निम्मा दिवस जातो आणि ती खेप बुडते. उचल मुकादमाकडून आधीच घेतलेली असते, म्हणजे बुडालेली खेप कर्जातच जमा. पंक्चर म्हणजे मोटारवाल्याला त्रास, टायरगाडीवाल्याला मजुरीला लागलेली गळती. हवेविना टायर हा चैनीचा विषय नव्हे असे मी म्हणतो ते यासाठी.

आता नव्या हवेविना टायरची रचना पाहू. मिशलँ कंपनीने २००५ साली आपले ‘ट्वील’ नावाचे चाक जगापुढे मांडले. मध्ये तुंबा, बाहेर लवचीक पण न ताणणारा पट्टा, त्यावर नेहमीसारखे रबर, आणि तुंबा व पट्टा यांच्यामध्ये पॉलियुरेथेन या चिवट प्लॅस्टिकचे पातळ आरे. वरवर पाहता हे आपल्या बैलगाडीचेच चाक आहे. परंतु काम अगदी उलटे चालते. बैलगाडीच्या चाकात भार खालच्या आऱ्यांवर उभा असतो, खांबावर माळवद उभे असावे तसा. ट्वीलमध्ये खालचे आरे भार येताच वाकून बाजूला होतात, आणि तुंबा वरच्या आऱ्यांना लोंबकळतो, झाडाला झोपाळा टांगावा तसा. खालचा पट्टा मोकळा असल्यामुळे जमिनीवर पसरतो आणि खडा पोटात घेतो. हवेचे काम आऱ्यांच्या ताणाने आणि पट्ट्याच्या लवचिकपणाने वाटून घेतले आहे. युक्ती सुंदर आहे.

अडचणी मात्र जुन्याच आहेत. आरे प्रत्येक फेऱ्यात वाकतात, ताणले जातात, तापतात. ट्वीलच्या आरंभीच्या नमुन्यांत ताशी ऐंशी किलोमीटरच्या पुढे थरथर आणि आवाज फार होई. आऱ्यांच्या पोकळ्यांत चिखल-दगड बसला तर चाकाचा तोल जातो. हवा कमी-जास्त करून टायर नरम वा टणक करण्याची सोयही गेली. म्हणूनच ट्वील रुळले ते गवत कापणारी यंत्रे, माती उचलणारे छोटे लोडर अशा संथ वाहनांत. मोटारीसाठी याच कंपनीने जनरल मोटर्सच्या साथीने २०१९ मध्ये ‘अप्टिस’ नावाचा नमुना जाहीर केला आणि २०२४ पर्यंत तो मोटारींवर येईल असे सांगितले. २०२३ मध्ये सिंगापुरात पार्सल वाहणाऱ्या काही व्हॅनना तो प्रत्यक्ष बसविण्यात आला. २०२४ उलटून गेले, तरी सामान्य ग्राहकाच्या मोटारीखाली तो आलेला नव्हता. शंभर वर्षे सुधारत आलेल्या हवेला हटविणे सोपे नाही.

जेथे हवेला मुळीच जागा नाही, तेथे मात्र हवेविना चाकाला प्रतिस्पर्धी नाही. १९७१ मध्ये अपोलो-१५ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर नेलेल्या गाडीची चाके जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी तारांची विणलेली होती, वर टायटेनियमच्या पट्ट्या होत्या. २०२३ साली आपल्या चांद्रयान-३ ने उतरविलेला ‘प्रज्ञान’ही सहा धातूच्या चाकांवरच चालला. ‘प्रज्ञान’चा वेग तर इतका कमी की धक्क्याचा प्रश्नच उरला नाही.

वेगाचा हा धागा पकडला, तर आपल्याकडे हवेविना टायर प्रथम कोठे यावा याविषयी माझे मत मी सांगून टाकतो. लोक मोटारीकडे पाहतात. मी उसाच्या गाडीकडे पाहतो. ती ताशी तीन-चार किलोमीटर चालते, म्हणजे उष्णतेचा शत्रू जवळजवळ नाहीसा होतो आणि थरथरीचा तर प्रश्नच नाही. काटे मोटारीहून तिच्या वाटेत अधिक. चिखलाने भरणाऱ्या पोकळ्या बाजूने झाकता येतील. अशा चाकाची कसोटी घ्यायला दूर जाण्याचेही कारण नाही. लष्करी वाहने तपासणारी संरक्षण खात्याची संस्था आपल्याच गावाबाहेर वाहननगरात आहे, आणि गाडी हाणून हाणून खिळखिळी करणारे चाचणीचे रस्ते तिच्याकडे आहेत. पोत्यांनी भरलेली एक टायरगाडी त्या रस्त्यांवर कधी फिरवून पाहता आली, तर दोन-चार महिन्यांत पुष्कळ गोष्टी कळतील.

अडते ते किमतीपाशी. टायरगाडीखाली आज फिरतो तो टायर बहुधा नवा नसतोच. मोटारीने किंवा ट्रकने झिजवून टाकलेला, नक्षी गुळगुळीत झालेला, दोन-चार ठिगळे लावलेला जुना टायर बाजारातून आणून गाडीला चढवितात, आणि तो आणखी काही हंगाम काढतो. हवेविना टायरला सामना द्यायचा आहे तो या जुन्या टायरशी.